मंत्रावाचून सिद्धी : भूमिकाखेळातील मनःशक्तिधारी पात्राच्या घडणीचा विचार

१

कल्पित भूमिकाखेळ हा मेजाभोवती बसून, संवाद आणि फासे यांच्या आधारे घडवावयाचा कथनप्रकार आहे. चारपाच खेळाडूंपैकी एक जण सूत्रधार होतो. स्थळ, प्रसंग आणि दुय्यम पात्रे तो उभी करतो. उरलेले खेळाडू प्रत्येकी एका पात्राच्या वतीने बोलतात, निर्णय घेतात, आणि तो निर्णय साधला की फसला हे फाशाचे दान ठरवते. या प्रकाराचा आद्य नमुना म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा १९७४ साली प्रसिद्ध झालेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ. पात्राला काय करता येते आणि काय करता येत नाही याचा जो करार खेळाडू व सूत्रधार यांच्यात होतो, त्याला येथे 'पात्रवर्ग' म्हटले आहे. योद्धा, चोर, पुरोहित, मांत्रिक हे त्यातले जुने वर्ग. 'वर्ग' या शब्दाला मराठी समीक्षेत जो सामाजिक अर्थ चिकटला आहे तो येथे अभिप्रेत नाही.

मराठीच्या अभ्यासकाने या खेळाकडे का पाहावे, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, अलौकिक शक्ती असलेले पात्र कथनात कसे उभे करावे, त्याच्या शक्तीला मर्यादा कोठून आणावी आणि इतर पात्रांचे स्वातंत्र्य त्याच्यासमोर कसे टिकवावे, हा या खेळाच्या रचनाकारांना पडलेला पेच लीळाचरित्रापासून नवनाथ भक्तिसारापर्यंतच्या मराठी ग्रंथकारांनाही पडलेला होता. रचनाकार तो पेच नियमांच्या भाषेत मांडतात, ग्रंथकारांनी तो कथेच्या भाषेत सोडवला.

प्रस्तुत विवेचन एका विशिष्ट पात्रापुरते मर्यादित आहे. हे पात्र मंत्र म्हणत नाही, हस्तमुद्रा करीत नाही, भस्म किंवा अंगारा वापरत नाही. केवळ मनाच्या बळावर ते दूरचे पाहते, परक्याचे मनोगत जाणते, वस्तू हलवते. मांत्रिकाहून ते वेगळे कसे करावे? वरवर पाहता मंत्र वगळला की काम झाले असे वाटते. परंतु खेळात मंत्र केवळ अलंकार म्हणून आलेला नसतो. तो शिकावा लागतो, त्याला वेळ लागतो, तोंड दाबले तर तो अडतो, आणि मुख्य म्हणजे तो इतरांना ऐकू येतो. कोणी काय केले याची साक्ष मंत्रोच्चाराने आपोआप निर्माण होते. मंत्र गेला की ही साक्षही जाते. तिच्या जागी काय ठेवायचे, या एका प्रश्नावर अशा पात्राची घडण यशस्वी होते किंवा फसते.

२

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या जुन्या आवृत्त्यांतील मांत्रिक सकाळी ठरावीक मंत्र पाठ करी आणि एकदा म्हटलेला मंत्र त्याच्या स्मरणातून पुसला जाई. ही कल्पना जॅक व्हान्स यांच्या 'द डाइंग अर्थ' (१९५०) या पुस्तकातून आलेली आहे. मनःशक्तीचे पहिले नियम १९७६ सालच्या 'एल्ड्रिच विझर्ड्री' या पुरवणीत आले. १९७८ च्या खेळाडू-पुस्तिकेत त्यांना परिशिष्टात जागा मिळाली. तेथे मनःशक्ती हा स्वतंत्र वर्ग नव्हता. पात्र निर्माण करताना शंभरांतून एक आकडा पडावा लागे; ज्याचे दान अनुकूल, त्याला आपल्या मूळ वर्गाच्या जोडीला ही शक्ती फुकट मिळे. ज्याला काहीच मिळाले नाही तो खेळाडू पुढची कित्येक वर्षे तेच पात्र घेऊन बसे. जन्मज सिद्धीची कल्पना इतकी शब्दशः घेतल्यावर दुसरे काय होणार?

१९९१ सालच्या स्टीव्ह विंटर यांच्या पुस्तिकेने प्रथमच स्वतंत्र वर्ग दिला आणि शक्तींचे सहा शाखांत विभाजन केले. प्रत्येक शक्तीसाठी पात्राच्या अंगभूत गुणावर आधारलेली चाचणी होती आणि ती दरवेळी द्यावी लागे. शिवाय शक्तिबिंदू खर्च होत. ही योजना अवजड होती आणि सूत्रधारांना ती आवरत नसे. तरी तिच्यात एक प्रामाणिकपणा होता. मन आज साथ देईल की नाही याची खात्री तिने कोणालाच दिली नाही. २००४ च्या विस्तारित आवृत्तीने शक्तींची पायरीवार यादी केली, प्रत्येक पायरीला बिंदूंची किंमत लावली आणि सगळे सुटसुटीत झाले. पण यादी, पायरी आणि किंमत हा मांत्रिकाचाच सांगाडा आहे. नाव बदललेला मंत्र, एवढेच तिचे स्वरूप उरले. सुटसुटीतपणापुढे वेगळेपणाचा बळी देण्याची ही खोड पुढेही गेली नाही: २०१५ ते २०१७ या काळात चाचणीसाठी प्रसिद्ध केलेला 'मिस्टिक' हा वर्ग अखेर वगळण्यात आला, आणि २०२० साली मनःशक्ती योद्धा, चोर व मांत्रिक यांच्या उपवर्गांत वाटून टाकण्यात आली.

या इतिहासात दोन गोष्टी विशेष लक्ष देण्याजोग्या आहेत. पहिली, या शतकाच्या आरंभीच्या नियमांत मनःशक्ती वापरली की एक दृश्य खूण प्रकट होते असे ठरवले होते: कधी प्रकाश, कधी नाद, कधी गंध, कधी जवळच्यांच्या मनात उमटणारी जाणीव. ती दडपायची तर एकाग्रतेची चाचणी द्यावी लागे. मंत्र काढून टाकलेल्या रचनाकारांनाच साक्षीची उणीव भासली आणि ती त्यांनी मागच्या दाराने परत आणली. दुसरी, 'पाथफाइंडर' या सहोदर खेळाच्या २०१५ सालच्या गूढविद्याविषयक ग्रंथाने उच्चार व मुद्रा यांच्या जागी विचार आणि भावना हे घटक ठेवले. भयाने ग्रासलेल्या पात्राला भावनेचा घटक पुरवता येत नाही, म्हणून त्याची शक्ती चालत नाही. मांत्रिकाचे तोंड बांधावे, तसे मनःशक्तिधारकाला घाबरवावे. ही कल्पना नामी आहे. दुर्दैवाने त्या ग्रंथातील बहुतेक वर्ग पुन्हा मंत्रांच्याच यादीवर उभे आहेत.

३

पतंजलीच्या योगसूत्रांतील कैवल्यपादाच्या आरंभी सिद्धीची पाच उगमस्थाने सांगितली आहेत: जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. मंत्र हा पाचांतला एक. उरलेली चार मंत्रावाचून आहेत. भारतीय परंपरेत मंत्राशिवाय शक्ती ही कल्पना परकी किंवा अपवादात्मक नाही, हे यावरून दिसते. मात्र जन्म, औषधी, तप व समाधी यांतून येणाऱ्या शक्तीचे स्वभाव एक नाहीत, आणि मराठी ग्रंथांनी हा भेद ठळकपणे रंगवला आहे.

प्रथम मांत्रिकाचा ग्रंथ पाहावा. मालू धुंडीसुताचा 'नवनाथ भक्तिसार' (१८१९) हा चाळीस अध्यायांचा ग्रंथ शाबरी विद्येने भरलेला आहे. विद्या मिळवण्यासाठी मच्छिंद्रनाथाला दैवते व वीर अनुकूल करून घ्यावे लागतात. पुढे चिमूटभर भस्म, त्यावर मंत्र, आणि समोरच्याचा वारा कोंडतो. प्रतिपक्षाकडे प्रतिमंत्र असतो. अस्त्राला अस्त्र, विद्येला विद्या. या ग्रंथातील द्वंद्वे भूमिकाखेळातील मांत्रिकांच्या लढतींच्या इतकी जवळ आहेत की नियमपुस्तिकेत फारशी भर न घालता ती खेळता यावीत.

परंतु याच ग्रंथात एक प्रसंग वेगळ्या जातीचा आहे. मच्छिंद्रनाथ मृत त्रिविक्रम राजाच्या देहात प्रवेश करतो आणि बारा वर्षे राज्य करण्याचे ठरवतो. त्याचा स्वतःचा देह गुप्त ठिकाणी ठेवलेला असून त्याच्या राखणीला गोरक्ष आहे. राणी रेवतीला हे कळते आणि ती तो देह शोधून त्याचे तुकडे करवते. येथे शक्तीला प्रतिमंत्राची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती मागे राहिलेल्या देहाची, त्याला राखणाऱ्या सोबत्याची आणि फसवल्या गेलेल्या स्त्रीच्या न्याय्य संतापाची. खेळाच्या दृष्टीने पाहिले तर या एका कथेत तीन नियम तयार आहेत. पात्र दुसऱ्या देहात असताना त्याचा मूळ देह पटावरच असतो. दुसऱ्या कोणा खेळाडूला तो राखण्याचे काम मिळते. आणि जिच्याशी कपट झाले ती व्यक्ती स्वस्थ बसत नाही.

महानुभाव परंपरेत हीच घटना निराळा अर्थ घेते. भडोचच्या हरिपाळदेवाच्या मृत देहात द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी प्रवेश केला आणि तेच पुढे चक्रधर म्हणून ओळखले गेले, अशी त्या पंथाची श्रद्धा आहे. अवतार घेण्याच्या ज्या रीती पंथाने मानल्या त्यांत 'पतित' देह स्वीकारण्याची ही रीत गणली जाते. येथे परत येणे नाही, म्हणून राखणीचा प्रश्न नाही. किंमत आहे ती घेतलेल्या देहाबरोबर येणाऱ्या संसाराची, नात्यांची आणि सवयींची. हरिपाळाचे घर, पत्नी, द्यूत हे सगळे नव्या देहधारकाच्या वाट्याला येते. नाथांची कथा साहसकथेला उपयोगी. ही कथा दीर्घ खेळाला उपयोगी.

म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात याहून महत्त्वाची एक संज्ञा आहे, 'वेध'. चक्रधरांच्या सान्निध्याने माणसे खेचली जातात, कामधाम विसरतात. कोणाला 'स्थिती' होते आणि देहभान हरपते. कसलाही जप, कसलीही क्रिया नाही. केवळ जवळ असणे आणि पाहणे. मनःशक्तीच्या पाश्चात्त्य नियमांत परक्या मनावर ताबा मिळवणे ही झटापट असते, दोन आकडे एकमेकांवर आदळतात. वेधात झटापट नाही. ज्याला वेध होतो तो जिंकला जात नाही, तो ओढला जातो, आणि ही ओढ सर्वांना सारखी नसते. लीळाचरित्रातील कित्येक व्यक्ती चक्रधरांसमोर बसून शंका काढतात, रुसतात, आपल्याच मताला धरून बसतात. ग्रंथाची मौज मोठ्या प्रमाणावर यांतच आहे. शक्तिमान पात्राभोवतीची माणसे बाहुली होऊ नयेत याचे इतके चांगले प्रात्यक्षिक खेळाच्या कोणत्याही नियमपुस्तिकेत सापडत नाही.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीवर्णन सर्वपरिचित आहे. त्याच्या शेवटी योग्याला समुद्रापलीकडचे दिसते, स्वर्गातले बोलणे ऐकू येते, मुंगीचेही मनोगत कळते. तो वाऱ्यावर आरूढ होतो आणि पाण्याला पाय न लावता चालतो. दूरदर्शन, दूरश्रवण, परचित्तज्ञान आणि गमन अशा चार शक्ती येथे थोडक्यात येऊन जातात. लक्ष वेधते ते त्यांचे स्थान. या शक्तींपूर्वी ज्ञानेश्वरांनी शरीराच्या आमूलाग्र बदलाचे विस्तृत वर्णन केले आहे. जुने शरीर जणू खाऊन टाकले जाते आणि नवे उभे राहते. शक्ती त्या प्रवासात ओघाने येतात. शरीर तेच ठेवून केवळ मन बलवान करण्याची कल्पना येथे नाही. पाश्चात्त्य नियमांत मनःशक्तीचे पात्र बहुधा कृश देहाचे आणि तल्लख बुद्धीचे रंगवले जाते. देह आणि मन यांची ही फारकत मराठी परंपरेला मानवणारी नाही.

सर्वांत पद्धतशीर मांडणी एकनाथांची आहे. वाराणसी येथे १५७३ साली पूर्ण झालेल्या एकनाथी भागवताचा पंधरावा अध्याय सिद्धींना वाहिलेला आहे. मूळ भागवताला अनुसरून तेथे आठ महासिद्धी, दहा गुणहेतुक सिद्धी आणि पाच क्षुद्र सिद्धी येतात. दहांमध्ये दूरश्रवण, दूरदर्शन, मनोवेगाने गमन, इच्छित रूप घेणे, परकायाप्रवेश यांचा समावेश आहे. पाचांमध्ये त्रिकालज्ञान, शीतोष्णादी द्वंद्वांपासून मुक्तता, परचित्त जाणणे, अग्नी, सूर्य, जल, विष यांचे स्तंभन आणि अपराजय. परचित्तज्ञान क्षुद्रांत मोडते, ही गोष्ट आधुनिक वाचकाला चकित करील. दुसऱ्याचे मन वाचणे हा आज मनःशक्तीचा परमोच्च आविष्कार समजला जातो. भागवताच्या दृष्टीने ती पहिल्या पायऱ्यांवरची गंमत आहे.

खेळाच्या रचनेला या अध्यायाचा खरा उपयोग यादीपुरता नाही. प्रत्येक सिद्धीला तेथे एक नेमकी धारणा जोडलेली आहे. दूरचे पाहण्यासाठी डोळ्यात सूर्य आणि सूर्यात डोळा अशी चित्ताची जोडणी करावी लागते. दूरचे ऐकण्यासाठी आकाशात भरून असलेल्या नादाची. परकायाप्रवेशात भ्रमराने एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जावे तसे वायुरूपाने जायचे असते. शक्ती आणि तिची अट यांच्यात काव्यमय पण काटेकोर नाते आहे. मंत्राची जागा घेण्यास हीच धारणा समर्थ आहे, कारण धारणेला विषय लागतो आणि विषय जगात असावा लागतो. सूर्य मावळला की दूरदर्शनाचे काय, असा प्रश्न खेळाडूला विचारता येतो आणि खेळाडूला त्याचे उत्तर शोधावे लागते. शिवाय या सर्व सिद्धी परमार्थात अंतराय आहेत, हे बजावायला तो अध्याय विसरत नाही.

४

ग्रंथांतून गावाकडे वळल्यावर प्रश्नाला धार येते. धानोरा हे नंदुरबार जिल्ह्यातले गाव. गडचिरोलीतील तालुक्याचे धानोरा ते हे नव्हे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सातपुडा आणि तापी यांच्या आधाराने वसलेला, गुजरात व मध्यप्रदेश यांना भिडलेला, भिल्ल, पावरा, मावची, कोकणा अशा आदिवासी समाजांचा आहे. या पट्ट्यात अलौकिक शक्तीच्या दोन परस्परविरुद्ध आकृती लोकमानसात वावरतात. एक भगत किंवा बडवा. दुसरी डाकीण, स्थानिक बोलींत डाकण.

भगत दाणे पाहतो, देवाचे वारे अंगात घेतो, घुमतो. त्याच्याकडे मंत्रही असतात, पण वारे आल्यावर जे बोलले जाते ते त्याचे बोलणे मानले जात नाही. मराठीत अशा व्यक्तीला 'झाड' म्हणतात, हा शब्दप्रयोग मार्मिक आहे: शक्ती झाडाची नाही, झाडावर आलेल्याची आहे. हे सगळे चारचौघांत घडते. अंग थरथरते, श्वास बदलतो, आवाज बदलतो, लोक प्रश्न विचारतात. साक्ष भरपूर असते. डाकणीच्या बाबतीत साक्ष मुळीच नसते. तिने विद्या शिकली असेही कधी म्हटले जाते, परंतु आरोप करताना ती विद्या कोणी ऐकल्याचे दाखवावे लागत नाही. मूल आजारी पडले, गाय आटली, आणि त्याआधी तिने पाहिले होते, एवढे पुरते.

इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी सुदानातील अझांदे समाजावरील १९३७ च्या ग्रंथात हाच भेद प्रसिद्ध केला. विधी, शब्द, औषधी वापरून केलेली करणी वेगळी. आणि कसलाही विधी, कसलाही उच्चार न करता केवळ अंगभूत मनोबळाने केलेला घात वेगळा. हा भेद सर्व समाजांना जसाच्या तसा लागू पडत नाही हे पुढच्या अभ्यासकांनी दाखवले. तरीही भूमिकाखेळाच्या रचनाकारासाठी त्यात एक अस्वस्थ करणारी सूचना आहे. 'मंत्रावाचून मनःशक्ती असलेले पात्र' ही व्याख्या डाकणीच्या आरोपाशी अक्षरशः जुळते. जे खेळात आकर्षक भासते, दिसत नाही, ऐकू येत नाही, सिद्ध करता येत नाही असे सामर्थ्य, तेच गावात एखाद्या एकट्या बाईच्या जिवावर उठते. जिने काही केलेच नाही तिला 'मी केले नाही' हे दाखवण्याचा कोणताही मार्ग उरत नाही, कारण करण्याची खूणच नसते. अजय स्कारिया यांनी वसाहतकालीन पश्चिम भारतातील डाकण ठरवलेल्या स्त्रियांवरील हिंसेचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला आहे. करणी वा जादूटोण्याच्या आरोपावरून माणसाला छळणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरले. तरी असे आरोप थांबलेले नाहीत.

याच प्रदेशाच्या इतिहासात मंत्रावाचून शक्तीचे एक सार्वजनिक आणि विधायक रूपही आढळते. १९२२-२३ साली दक्षिण गुजरातेतील आदिवासींमध्ये देवीची चळवळ पसरली आणि तिचे पडसाद पश्चिम खानदेशाच्या सीमाभागात उमटले. सलाबाई नावाच्या देवीचे वारे माध्यमांच्या अंगात येई आणि जमलेल्या शेकडो लोकांसमोर आज्ञा उच्चारल्या जात: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, स्नान करा, दारूच्या पारशी दुकानदारांकडे जाऊ नका. डेव्हिड हार्डिमन यांच्या १९८७ सालच्या ग्रंथात या चळवळीचा साधार इतिहास आहे. माध्यमाने कोणाचे मन गुपचूप बदलले नाही. लोक जमले, त्यांनी ऐकले, आणि आपल्या वागण्यात बदल करण्याचे एकत्र ठरवले. लीळाचरित्रातील वेधाशी या दृश्याचे नाते जवळचे आहे, मांत्रिकाच्या वशीकरणाशी नाही. पुढे १९३७-३८ च्या सुमारास तळोदे भागात गुला महाराजांभोवती उभी राहिलेली 'आप' चळवळही अशाच समूहाच्या जमण्यातून वाढली.

५

या सामग्रीतून पात्रवर्ग रचायचा तर त्याला 'धारक' हे नाव शोभेल; धारणा करणारा आणि वारे धारण करणारा हे दोन्ही अर्थ त्यात येतात. त्याचा उगम खेळाडूने जन्म, औषधी, तप, समाधी या चारांतून निवडावा. ही निवड शोभेची नसावी. जन्मज धारकाला शक्ती आवरणे अवघड जावे, तपाने मिळवलेल्याला ती जागवायला वेळ लागावा, औषधीवाल्याला औषधीचा पुरवठा लागावा आणि समाधीवाल्याला ती वापरण्याची इच्छाच कमी असावी. हा शेवटचा प्रकार चांगल्या खेळाडूच्या हाती पडला तर फार रंगतो, आणि अननुभवी खेळाडूच्या हाती पडला तर मेजावर झोप आणतो.

शक्तींची यादी लहान ठेवावी. वर उल्लेखिलेल्यांपैकी सहासात पुरेत. प्रत्येकीसमोर मंत्राऐवजी धारणेचा विषय लिहावा आणि तो प्रसंगात उपस्थित असावा: दूरदर्शनाला प्रकाश, दूरश्रवणाला मोकळे आकाश, अग्निस्तंभनाला समोर पेटलेला अग्नी. बंद तळघरात, अंधारात, धारक जवळजवळ सामान्य माणूस होतो. मांत्रिक मात्र तेथेही मंत्र म्हणू शकतो. दोन वर्गांमधला हा फरक बिंदूंच्या कोष्टकाने येत नाही, तो जागेने येतो.

खर्चासाठी २०२० सालच्या एका चाचणी-मसुद्यातील युक्ती उसनी घ्यावी; छापील पुस्तकात ती टिकली नाही याची खंत वाटते. शक्तीला एक फासा नेमलेला असतो. त्यावर सर्वांत मोठे दान पडले की पुढच्या वेळी त्याहून कमी बाजूंचा फासा वापरावा लागतो. एकाचे दान पडले की फासा मूळ आकारापर्यंत पुन्हा वाढतो. भरघोस यशाने मन थकते आणि अपयशाने ताजे होते, ही कल्पना शक्तिबिंदूंच्या जमाखर्चापेक्षा कितीतरी अधिक मानवी आहे. भीतीच्या क्षणी धारणा जमत नाही, हा 'पाथफाइंडर'चा नियम तिला जोडावा.

या वर्गाचा मध्यवर्ती नियम मात्र साक्षीचा असावा. धारकाने शक्ती वापरली की त्याच्या देहावर खूण उमटते आणि ती कोणती हे खेळाडूने पात्र निर्माण करतानाच ठरवलेले असते: मान डोलणे, डोळे पांढरे होणे, श्वास लांबणे, अंगाला कंप सुटणे. जवळ असलेल्या प्रत्येक पात्राला ती दिसते. तिचा अर्थ त्यांना कळेलच असे नाही, पण 'याला आत्ता काही झाले' एवढे कळते. खूण दडपण्याची सवलत देऊ नये. २०२० च्या नियमांत एका मांत्रिक उपवर्गाला मनःशक्तीचे मंत्र उच्चार व मुद्रा यांवाचून योजण्याची मुभा आहे. खेळाडूंना ती आवडते यात नवल नाही. अदृश्य सामर्थ्य कोणाला नको असते? परंतु त्या मुभेमुळे मेजावरच्या इतरांना आपल्या पात्राचा निर्णय आपलाच होता की नाही याची शंका येऊ लागते, आणि संशय एकदा खेळाडूंमध्ये शिरला की कथा पुढे सरकत नाही.

परक्या मनावरचा ताबा या वर्गाला देऊच नये. त्याऐवजी वेध द्यावा. धारक सान्निध्यात असताना सूत्रधाराने प्रत्येक पात्राच्या खेळाडूला विचारावे: यांच्याकडे ओढले जावेसे वाटते का? होकार देणाऱ्याला काही लाभ मिळावा, जसे भीतीपासून रक्षण. पण त्याबरोबर धारकाच्या शब्दाबाहेर जाणे त्याला जड जावे. नकार देणाऱ्याचे काहीही बिघडू नये. परकायाप्रवेशाचा नियम मच्छिंद्राच्या कथेतून जसाच्या तसा घ्यावा: मूळ देह पटावर राहतो, राखणदार नेमावा लागतो, आणि रेवतीसारखी एखादी व्यक्ती तयार करण्याचा अधिकार सूत्रधाराला असतो.

उरतो प्रश्न परचित्तज्ञानाचा. धानोऱ्यासारख्या गावात घडणारा खेळ कल्पावा. मूल आजारी आहे, एका विधवेकडे बोट दाखवले गेले आहे, गाव जमले आहे, आणि खेळाडूंपैकी एक जण धारक आहे. तो म्हणतो, तिचे मन वाचून ती निर्दोष आहे असे सांगतो. खेळाडूचा हेतू चांगला असतो. पण नियमाने त्याला तशी ग्वाही देऊ दिली, तर याच नियमाने उद्या दुसऱ्या बाईबद्दल दोषी असल्याची ग्वाही देता येते, आणि गावाच्या दृष्टीने धारकात व डाकीण ठरवणाऱ्या भगतात काही अंतर उरत नाही. म्हणून परचित्तज्ञानाने केवळ त्या क्षणी त्या मनात प्रबळ असलेली भावना कळावी, भूतकाळातील कृत्य कळू नये. त्या विधवेच्या मनाला धारकाने स्पर्श केला तर त्याला भीती आढळेल. दोषी असती तरी भीतीच आढळली असती. धारकाची मान त्या वेळी डोललेली असते, गावाने ती पाहिलेली असते, आणि आता काय कळले म्हणून सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत असतात. पुढे काय बोलायचे हे फासा सांगत नाही. ते खेळाडूने ठरवायचे असते.